दुसऱ्या होडीची पेटी

लोणावळ्याच्या बाजारात माझं स्टो आणि पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक भाता, डाग द्यायची सळई आणि तिरसट स्वभावाचा मी, दत्तोबा. हवा धरणारी टाकी कशी करायची हे मला कळत होतं, गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलायचं हे कळत नव्हतं. त्यामुळे चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात खंडाळ्याहून एक म्हातारा आला आणि पितळेची पेटी करून मागू लागला, तेव्हा मी त्याला सरळ म्हणालो, “भांडी हवीत तर तांबटाकडे जा.”

“तांबटाचं भांडं पाणी आत ठेवतं,” तो म्हणाला. “मला पाणी बाहेर ठेवणारं हवंय. तीन दिवस, उसळत्या पाण्यात.”

या उत्तरावर मी त्याला बसायला स्टूल दिलं. स्टूल मी सहसा कोणाला देत नाही.

हे भिकाजीतात्या. मूळचे रत्नागिरीकडचे. मालवाहू जहाजांवर पंचवीस वर्षं रेडिओ सांभाळला आणि मग नोकरी सोडून खंडाळ्याला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. बंगल्याचे दिवे आणि पाण्याचा पंप बघायचे. समुद्रापासून पळून डोंगरावर आलो असं म्हणायचे, आणि रोज सकाळी घाटाच्या कडेला जाऊन कोकणाकडे तोंड करून उभे राहायचे. याला पळून येणं म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

त्यांच्या पेटीत एक छोटा रेडिओ बसायचा होता. गाणी ऐकायचा नव्हे, हाक मारायचा. पेटी पाण्यात पडली की आपोआप सुरू व्हायची, आणि वरच्या पोलादी काडीतून तिची हाक हवेत मैलोनमैल जायची. तीन छोटे ठोके, तीन लांब, पुन्हा तीन छोटे. आम्ही बुडतोय, आम्ही इथे आहोत, असा त्याचा अर्थ, आणि तो जगातल्या कुठल्याही जहाजाला कळतो. शोधणाऱ्याकडे दुसरा रेडिओ असायचा, त्याच्या डोक्यावर तारेचं गोल कडं. कडं फिरवलं की आवाज वाढतो, घटतो, आणि पेटी कुठल्या अंगाला आहे ते समजतं.

“जहाजावर असलं काही नसतं का?” मी विचारलं.

“असतं. एक.”

पुढचं त्यांनी लगेच नाही सांगितलं. तिसरी पेटी करताना सांगितलं, कारण पहिल्या दोन माझ्याच हातून गळल्या होत्या आणि मी चिडून “एवढं काय अडलंय तुमचं?” असं ओरडलो होतो.

एक्कावन्न साली त्यांचं जहाज अरबी समुद्रात बुडालं. पावसाळ्याचे दिवस. होड्या दोन सोडल्या आणि हाक मारायची पेटी एकच. तीही जुनी, गुडघ्यांत धरून हाताने दांडा फिरवायची. ती चालवता येणारा माणूस एकच, म्हणून पेटी तात्यांच्या होडीत गेली. दुसऱ्या होडीत अकरा माणसं. त्यांत जहाजाचा स्वयंपाकी सीताराम, तात्यांच्याच गावचा, एकाच शाळेत मार खाल्लेला. होडी लोटताना त्याने ओरडून विचारलं, “भिकाजी, पेटी तुझ्याकडे ना?” तात्या म्हणाले, हो. “मग आम्ही तुझ्या मागोमागच आहोत,” सीताराम म्हणाला. तासाभरात वाऱ्याने होड्या फाकल्या. तात्यांनी तीन दिवस दांडा फिरवला. चौथ्या दिवशी एक जहाज त्यांच्या हाकेवर आलं. दुसरी होडी कोणालाच दिसली नाही.

“माझ्या हाकेवर मी सापडलो,” तात्या म्हणाले. “त्यांच्याकडे हाकच नव्हती. प्रत्येक होडीत एक पेटी हवी, दत्तोबा. चालवायला शिकलेला माणूस नसला तरी स्वतः बोलणारी. एवढंच अडलंय माझं.”

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि तिसऱ्या पेटीचे सांधे दोनदा झाळले. ती गळली नाही.

एका गोष्टीवरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझं म्हणणं, पेटीला कानाला ऐकू येणारा आवाजही हवा. माझं आजोळ आंदर मावळातलं. तिथे पावसाळ्यात धुकं उतरलं की हातभरावरची म्हैस दिसत नाही. ती सापडते गळ्यातल्या लाकडी घंटेने. “तुमचा रेडिओ मैलभरावरून जवळ आणील,” मी म्हणालो, “पण शेवटचे शंभर हात काय करणार? धुक्यात होडी शेजारून निघून जाईल.” तात्या म्हणत, बॅटरी फुकट खर्ची पडेल. मी म्हणे, मग दुसरा कारागीर बघा. आठ दिवस अबोला झाला. नवव्या दिवशी ते बझर घेऊन आले आणि न बोलता फळीवर ठेवला. मी तो झाकणाखाली बसवला. आता रेडिओच्या ठोक्यांबरोबर पेटी स्वतःही टिरटिरायची.

मुंबईच्या एका जहाज कंपनीला तात्यांनी सतरा पत्रं लिहिली. शेवटी भाद्रपदात कंपनीचे एक कप्तान पेटी बघायला आले. उंच, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. ठोकळवाडीच्या धरणावर परीक्षा घ्यायचं ठरलं. कप्तानांनी अट सांगितली, “मी पेटी पाण्यात कुठे सोडली ते तुम्हाला सांगणार नाही. सूर्य मावळायच्या आत सापडली, तर मालकांशी बोलेन. नाही सापडली, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही.”

तात्या फक्त “ठीक” म्हणाले. त्यांच्या शर्टाची गुंडी चुकीच्या काजात गेली होती. मी ती नीट लावून दिली, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

सकाळी कान्हे फाट्यावरून टाकव्यामार्गे जीप धरणावर पोचली, तेव्हा पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. कप्तान होडीवाल्याला घेऊन गेले, तासाभराने पेटी सोडून परत आले. होडीवाल्याला जागा ठाऊक, म्हणून त्याला काठावर बसवलं आणि वल्ही माझ्या गळ्यात पडली. होडीत आम्ही तिघं. तात्यांनी मांडीवर रेडिओ घेतला, कडं फिरवलं, आणि आवाज आला. तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. अगदी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी वल्ही मारायचं विसरलो आणि कप्तानांच्या अंगावर पाणी उडवलं.

आवाजाच्या रोखाने आम्ही दीड-दोन तास गेलो. आवाज वाढत होता. आता शेवटचं वळण, असं तात्या म्हणाले, आणि आवाज थांबला.

घटत घटत नाही गेला. एकदम बंद.

तात्यांनी कडं फिरवलं, तारा हलवल्या, बॅटरी काढून घातली. काही नाही. पेटी बुडाली, आणि बुडाली ती माझ्या सांध्यावरून, याबद्दल मला शंका नव्हती. तेरा वर्षं या माणसाने एका गोष्टीचा ध्यास घेतला आणि ती माझ्या हाताने गळली. मला स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटत होती.

“चूक माझी आहे,” मी कप्तानांना म्हणालो. “रेडिओ चांगला आहे. पेटी मी केली.”

“गप वल्हव,” तात्या म्हणाले. शेवटचा आवाज आला त्या बाजूला आम्ही गेलो. काठाचं गवत, बुडालेली झाडं, खाच न् खाच बघितली. बारा वाजले, एक वाजला. तात्या रेडिओ छातीशी धरून कान लावून बसले होते. तीन दिवस हा माणूस असाच बसला असेल, असं माझ्या मनात आलं, आणि त्यांच्याकडे बघवेना.

वरच्या डोंगरातून मधूनमधून एक बाई हाळी देत होती. धुक्यातून लांबट आवाज यायचा, “कुनाचं हाय होऽऽ, वरडतंयाऽऽ...” पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा कप्तानांनी विचारलं, “ती काय ओरडते आहे?”

“कोणाचं तरी जनावर चुकून आलंय तिच्याकडे,” मी म्हणालो. “इकडची रीत आहे. चुकलेलं जनावर सापडलं की आधी त्याच्या घंटेत गवत कोंबायचं. नाहीतर आवाजावर भलताच कोणी येऊन हाकून नेतो. मग घरात बांधायचं आणि डोंगरावरून हाळी द्यायची, म्हैस आहे, काळी आहे, कपाळावर चांद आहे, जे असेल ते. मालक आला की त्याने घंटेचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा. जुळला तर जनावर त्याचं.”

“हुशार रीत आहे.”

“हो, म्हणजे सापडलेली घंटा आधी गप्प करतात आणि...” मी बोलता बोलता थांबलो.

हाळीत जनावराचं नाव नव्हतं. म्हैस नाही, गाय नाही, शेळी नाही. रंगसुद्धा नाही. नुसतं, कुनाचं हाय, वरडतंय. काय सापडलंय हे त्या बाईलाच माहीत नव्हतं!

“तात्या,” मी ओरडलो, “पेटी बुडालेली नाही! तिने पेटीच्या तोंडात गवत कोंबलंय!”

चढ निसरडा होता. रेडिओ खांद्याला अडकवून तात्यांना मी हाताला धरून ओढत नेलं, कप्तान मागून येत होते. वर ठाकरवाडी, सात-आठ कुडाची घरं. एका घराच्या उंबऱ्यात पन्नाशीची एक बाई कोयता मांडीवर ठेवून बसली होती. सावित्राबाई तिचं नाव. काठाला खेकडे धरायला गेली, तर गवतात काहीतरी टिरटिरताना दिसलं, असं तिने सांगितलं.

“ती पेटी आमची आहे, बाई,” कप्तान म्हणाले.

“आसंल,” ती म्हणाली आणि जागची हलली नाही. “आवाज सांगा.”

“मी कंपनीचा कप्तान आहे.”

“ऱ्हावा की. आवाज सांगा.”

मी पुढे झालो. “मावशी, माझं आजोळ हितलंच हाय. आवाज मी काढतो, टिर्र टिर्र...”

“तू मालक हाईस?”

“न्हाई, म्हंजी पेटी मी केली, पन...”

“घंटा सुतार करतो, म्हस सुताराची न्हाई व्हत,” सावित्राबाई म्हणाली. “मालक कोन?”

मी तात्यांकडे बोट दाखवलं. तात्या अंगणात उभे होते, चिखलाने भरलेले, धापा टाकत. मला वाटलं, एका क्षणाचं काम आहे, आवाज काढतील आणि पेटी हातात येईल. पण ते गप्पच. मग माझ्या ध्यानात आलं की एवढ्या महिन्यांत मी तो आवाज पेटीतून हजारदा ऐकला होता, तात्यांच्या तोंडून एकदाही नाही.

“काडा की, आबा,” सावित्राबाई आता जरा मऊ आवाजात म्हणाली. “तुमचंच हाय न्हवं?”

“टिट् टिट् टिट्,” तात्या म्हणाले. आवाज घोगरा होता. “टाऽ, टाऽ, टाऽ. टिट् टिट् टिट्.”

सावित्राबाईने मान डोलावली. “बराबर.” पण तात्या थांबले नाहीत. पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणखी भराभर. त्यांचे दोन्ही गुडघे जुळले, पाठ वाकली आणि दोन्ही हात पोटाशी गोल फिरायला लागले. समोर काहीच नव्हतं, ते जुना दांडा फिरवत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने टिट् टिट् टिट् चाललं होतं. मला रडू कोसळलं, ते मी लपवलं नाही. कप्तान खाली बघत होते.

सावित्राबाई कोयता टाकून उठली. तिने तात्यांचे दोन्ही हात धरले. “ऐकू आलं, आबा,” ती म्हणाली. “आलं ऐकू. आता थांबा.”

ते थांबले.

मग तिने आम्हाला आत नेलं. घरात मोलाची वस्तू एकच, तांब्याचा हंडा. त्यावर पितळी ताट पालथं घातलेलं, ताटावर पाटा. “गवात कोंबलं, तरी गप बसंना,” ती सांगत होती. “घोंगडीत गुंडाळलं, तरी वरडतंय. लय जित्तं हाय. रस्त्यानं कोनबी आईकल आन् उचलून न्हील, म्हनून हंड्यातलं पानी वतून दिलं, वरची काडी वाकीवली आन् आत ठिवलं.” तांब्याच्या हंड्यात रेडिओचा आवाज कसा बाहेर पडणार! बझर मी हट्टाने बसवला नसता, तर बाईला ती सापडलीही नसती आणि तिने ती गप्पही केली नसती. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

तिने पाटा उतरवला, ताट उचललं, पेटी बाहेर काढून काडी सरळ केली. माझ्या खांद्यावरच्या रेडिओतून त्याच क्षणी हाक उठली.

“बघा!” मी कप्तानांवर खेकसलो. “कुठे गळलीय? कुठे बंद पडलीय?”

“ओरडू नका,” ते म्हणाले. “पण इथवर आपण रेडिओने आलो नाही. बाईंच्या हाळीने आलो.” त्यांनी माझ्या खांद्यावरचा रेडिओ काढून घेतला. “पेटी इथेच राहू द्या. कोणी हाक मारायची नाही.” आणि ते एकटेच धुक्यात उतरून गेले.

तासभर आम्ही चुलीपाशी बसलो. मला वाटलं, गेला हा माणूस दरीत. सावित्राबाई दोनदा हाळी द्यायला उठली आणि दोनदा तात्यांनी तिला बसवलं. शेवटी कप्तान घराच्या मागच्या अंगाने आले, जिथे वाटच नाही. कोपरं खरचटलेली, टोपी गायब.

“पाण्यापर्यंत गेलो, तिथून वाट सोडली आणि हरवलो,” ते म्हणाले. “खरंच हरवलो. मग तुमच्या पेटीवर विश्वास ठेवला.” ते चुलीशी टेकले आणि सावित्राबाईकडे वळले. “बाई, तुम्ही ही उचलली कशाला? काय आहे ते माहीत नसताना?”

तिला प्रश्नच विचित्र वाटला. “वरडत व्हतं,” ती म्हणाली. “वरडतंय म्हंजी कुनीतरी त्येला हुडकत आसनार. तसंच सोडून कसं यावं?”

कप्तानांनी चुलीतलं एक लाकूड पुढे सारलं. मग तात्यांना म्हणाले, “सगळ्या जहाजांचं मी आज बोलू शकत नाही. एक जहाज दिवाळीनंतर निघतंय, ते माझ्या हातात आहे. होड्या दोन आहेत त्याला.”

“दोन्हींत?” तात्यांनी विचारलं.

“दोन्हींत.”

तात्यांनी पेटी उचलून मांडीवर घेतली आणि बझर बंद केला. घरात एकदम शांत झालं. सावित्राबाईने विचारलं, “आबा, मगाशी तुमी पेटीसाठी न्हाई रडला. कोन हरावलंय तुमचं?”

“दुसरी होडी,” तात्या म्हणाले. “अकरा माणसं. दर्यात.”

“हाळी दिलती?”

“रेडिओने. तीन दिवस.”

“रेडूनं न्हवं. तोंडानं, नाव घिऊन?”

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. ती त्यांना हाताला धरून अंगणाच्या टोकाला घेऊन गेली. खाली सगळं पांढरं होतं, पाणी, झाडं, कोकण, सगळं त्याच्याखाली. “नावं सांगा,” ती म्हणाली.

तात्या एकेक नाव सांगत गेले. एकही अडलं नाही. ती प्रत्येक नाव घेऊन पश्चिमेकडे लांब हाळी देत होती, “हिकडं ये रंऽऽ, तुझं मानूस हितं हाय रंऽऽ,” आणि समोरचा डोंगर ते नाव परत देत होता. चौथ्या नावापासून मीही तिच्या आवाजात आवाज मिसळला. दहा नावं झाली.

“आन् अकरावं?” तिने विचारलं.

तात्यांनी तिला मागे सारलं. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्या म्हाताऱ्या छातीत होती नव्हती तेवढी ताकद लावून हाळी दिली, “सीतारामाऽऽ! आता पेटी दोन्ही होड्यांत आहे रेऽऽ!”

डोंगराने तेही परत दिलं. सगळा आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही. मग सावित्राबाई म्हणाली, “पोचलं,” आणि घरात जायला वळली. तिला चुलीवर आधण ठेवायचं होतं आणि आमच्यापायी घरात पाण्याचा थेंब उरला नव्हता. मी हंडा उचलला आणि भरून आणायला गेलो.